चिलटांची पंगत

श्रावणातील एखादी संध्याकाळ असते. दिवसभर कोसळणारा पाऊस नुकताच उघडलेला असतो. वैनगंगेच्या पूर्वेकडील गडचिरोलीच्या रानात ऐन, साग आणि बांबू यांच्या पानांवरून अजून थेंब टपटपत असतात. धानाच्या बांध्या काठोकाठ भरलेल्या असतात. गुरे गावाकडे परततात आणि त्यांच्या मागोमाग जवळजवळ अदृश्य अशी एक सेना गावात शिरते. गुराखी डोळ्यांपुढून सारखा हात फिरवतो, बैल शेपटीचे फटकारे मारतो, आणि घरातील म्हातारी अंगणात कडुनिंबाचा ओला पाला जाळून धूर करते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनसंपन्न जिल्ह्यांत पावसाळ्याचा हा रोजचा प्रसंग होय.

या किडींना कोणी चिलटे म्हणतो, कोणी केमरे, कोणी घुंगुरटे, तर कोणी सरसकट डास म्हणून मोकळा होतो. मराठीत चिलट हा शब्द क्षुद्रपणाची खूणच होऊन बसला आहे. ‘चिलटासारखा चिरडून टाकीन’ अशी धमकी देणाऱ्यास चिलटाविषयी काही ठाऊक असण्याची गरज वाटत नाही. तळहातावर उरलेला काळा ठिपका झटकला की त्याच्या लेखी विषय संपतो. वस्तुतः विषय तेथेच सुरू होतो. त्या ठिपक्याला डोळे होते, स्पर्शिका होत्या, पंख होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला पोट होते. पोट म्हटले की अन्न आले. कोणता जीव काय खातो हे एकदा कळले की त्याचे घर कोठे, त्याची वेळ कोणती, त्याचे शत्रू कोण, हे सारे हळूहळू उलगडू लागते.

प्रथम त्यांच्या देहाकडे पाहावे. मधमाशी, फुलपाखरू, चतुर यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. चिलट, डास आणि घरमाशी यांना मात्र एकच जोडी असते. म्हणून या गणाला द्विपंखी असे नाव मिळाले आहे. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीसारखे, टोकाशी गोळी असलेले दोन इवलेसे दांडे असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते सतत थरथरत राहतात आणि देहाचा तोल सांभाळतात. डोंबारी दोरीवरून चालताना हातात आडवा बांबू धरतो, तसाच हा प्रकार. डासाचे पंख एका सेकंदात शेकडो वेळा हलतात, आणि काही सूक्ष्म चिलटांचे तर हजाराहूनही अधिक! कानाशी ऐकू येणारी ती गुणगुण गळ्यातून निघत नाही. ती या पंखांच्या वेगातून उमटते. नर डासाच्या स्पर्शिका पिसासारख्या झुपकेदार असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो मादीच्या पंखांचा सूर ओळखतो. माणसाची झोप मोडणारे ते गाणे डासाच्या संसारात मात्र मंगल समजले जाते.

या जीवांचे आयुष्य चार आश्रमांत विभागलेले आहे: अंडे, अळी, कोश आणि पंख फुटलेला कीटक. खाण्याचा खरा सपाटा चालतो तो अळीच्या आश्रमात. अळीला एकच उद्योग ठाऊक असतो, तो म्हणजे खाणे आणि वाढणे. कोशात शिरल्यावर खाणे बंद. पंख फुटल्यानंतर काही जण थोडेसे खातात, काही केवळ रस पितात, तर काही जण उरलेले दोन-चार दिवस जवळजवळ उपाशीच काढतात. पानावर बसलेल्या प्रत्येकाचे ताट निराळे, अशी ही मोठी चमत्कारिक पंगत आहे.

पंगतीचा पहिला पाट जंगलातील जमिनीवर मांडलेला असतो. उन्हाळ्यात गळून पडलेली पाने पावसात भिजतात, कुजू लागतात, त्यांवर बुरशी चढते. त्या ओलसर काळोखात एका जातीच्या चिलटांच्या पांढुरक्या अळ्या वळवळत असतात. बुरशी आणि कुजका पाला हेच त्यांचे पक्वान्न. गांडुळे, वाळवी, बुरशी आणि या अळ्या मिळून गळलेल्या पानांची पुन्हा माती करतात. त्याच मातीतून पुढल्या वर्षीचा बांबू उगवतो. जंगल झाडायला कोणी माणूस जात नाही. तरीही ते पाचोळ्याखाली गाडले जात नाही, याचे थोडे श्रेय या नगण्य वाटणाऱ्या अळ्यांकडेही जाते.

दुसरा पाट मोहाच्या झाडाखाली असतो. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहफुलांचा सडा पडतो आणि बायका-मुले टोपल्या घेऊन तो वेचायला जातात. फुलांचा एखादा ओला ढीग राहून गेला आणि आंबू लागला की त्यावर लालसर डोळ्यांची बारीक चिलटे जमतात. पिकून फुटलेल्या केळ्यावर किंवा पेरूवर दिसतात तीच ही. आंबणाऱ्या फळांत यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढत असतात. ही चिलटे आणि त्यांच्या अळ्या मुख्यतः त्यांवर पोसतात. याच क्षुद्र जीवाला काचेच्या बाटलीत वाढवून अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांनी आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात याचा शोध घेतला आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा पाट पाण्याच्या तळाशी आहे. पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक आज मामा तलाव म्हणतात, आणि गावोगावच्या लहान बोड्या यांच्या तळच्या गाळात रक्तासारख्या लाल अळ्या राहतात. गाळात प्राणवायू फार थोडा. तो धरून ठेवण्यासाठी त्यांच्या देहात माणसाच्या रक्तातल्यासारखेच लाल द्रव्य असते. या अळ्या कुजलेले कण खातात आणि मासे या अळ्यांना खातात. त्यांना पंख फुटले की संध्याकाळी तलावाच्या काठावर त्यांचे थवे धुराच्या खांबासारखे वर-खाली होताना दिसतात. पाहणारा घाबरून तोंड झाकतो. परंतु डासांसारखी दिसणारी ही चिलटे कोणालाही चावत नाहीत. त्यांतील पुष्कळांचे प्रौढपणी खाणेच नाममात्र असते.

डोळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांची कथा निराळी. त्यांनाही दंश करता येत नाही. त्यांची सोंड केवळ चाटण्याच्या कामाची असते. डोळ्यांतील पाणी, घाम, जखमेतून झिरपणारी लस हे त्यांचे अन्न. डोळे आलेल्या मुलाच्या पापणीवरून उठून ते चिलट जेव्हा दुसऱ्या मुलाच्या पापणीवर बसते, तेव्हा रोगही त्याच्या पायांना व सोंडेला चिकटून प्रवास करतो. म्हणूनच डोळे व तोंड वरचेवर स्वच्छ पाण्याने धुवावे, जखम उघडी ठेवू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत.

काही चिलटे फुलांची पाहुणी आहेत. दूरदेशी कोको नावाचे झाड असते. त्याच्या बियांपासून चॉकलेट तयार होते. त्याची फुले इतकी लहान आणि अडचणीची असतात की त्यांत मधमाशीचा शिरकाव होत नाही. तेथे सूक्ष्म चिलटे जातात, परागकण इकडून तिकडे नेतात, आणि मगच फळ धरते. चॉकलेट चघळणाऱ्या मुलाला आपण एका चिलटाचे ऋणी आहोत याची कल्पनाही नसते.

आता पंगतीचा शेवटचा पाट. येथे रक्त वाढले जाते. या पाटावर बसणारी मंडळी संख्येने थोडी, परंतु सर्व जातीला बदनाम करणारी हीच. डास, वालुमाशी आणि चावणारी काही सूक्ष्म चिलटे यांचा त्यांत समावेश होतो. त्यांतही एक विलक्षण गोष्ट अशी की, रक्त पिते ती केवळ मादी. नर फुलांतील मध आणि वनस्पतींचा रस यांवर गुजराण करतो. मादीचेही रोजचे अन्न तोच गोड रस असतो. मात्र पोटात अंडी वाढवायची तर तिला पौष्टिक द्रव्य हवे असते, आणि ते तिला रक्तातून मिळते. भारतातील जंगलांत डासांची एक जात अशीही आहे, जिची मादी रक्ताला शिवतसुद्धा नाही. झाडांच्या ढोलीत व बांबूच्या खुंटांत साचलेल्या पाण्यात तिच्या अळ्या राहतात आणि इतर डासांच्या अळ्या खातात. लहानपणीच भरपूर पौष्टिक अन्न मिळाल्यामुळे मोठेपणी रक्ताची गरजच उरत नाही.

डासाची सोंड म्हणजे एकच सुई, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात एका मऊ म्यानात सहा बारीक सुया असतात. काही सुया त्वचा कापतात व फट धरून ठेवतात, एक सुई लाळ सोडते, तर एक सुई रक्त ओढून घेते. लाळेमुळे रक्त गोठत नाही. नंतर येणारी गांधी आणि खाज हा त्या लाळेचाच परिणाम. माणसाच्या श्वासातील कर्बवायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून मादी अंधारातही आपले सावज शोधते. एका बैठकीत ती आपल्या वजनाइतके, कधी त्याहूनही अधिक रक्त पिते. मग जड झालेल्या पोटाने ती जवळच्या भिंतीवर विसावते आणि दोन-तीन दिवसांत अंडी पक्व झाली की पाण्याकडे जाते.

एवढ्याशा रक्ताने माणसाचे काय बिघडले असते? परंतु त्या लाळेतून कधीकधी एक भयंकर पाहुणा शरीरात शिरतो. हिवतापाचे जंतू ॲनॉफेलिस जातीच्या डासाच्या मादीतून पसरतात. या जातीतील काही डास धानाच्या बांध्यांत व नाल्याकाठच्या डबक्यांत अंडी घालतात, तर काहींना जंगलातील मंद वाहणारे स्वच्छ झरे आवडतात. भात, झरे आणि घनदाट रान हेच ज्या गडचिरोलीचे वैभव, त्याच गडचिरोलीला म्हणून हिवतापाने फार छळले आहे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत या एका जिल्ह्याचा वाटा दीर्घकाळ फार मोठा राहिला आहे. त्यातही येथे आढळणारा एक प्रकार मेंदूपर्यंत पोहोचतो आणि उपचाराला उशीर झाला तर लहान मूल काही दिवसांत दगावते. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी प्रारंभी विजेशिवाय, अपुऱ्या साधनांनिशी माडिया गोंडांची जी सेवा केली, तीत तापाने बेशुद्ध झालेल्या अशा अनेक रुग्णांचे प्राण वाचले.

घाण पाण्यात वाढणाऱ्या क्यूलेक्स डासाची मादी हत्तीरोगाचे जंतू पसरवते. पूर्व विदर्भात हा रोग जुना आहे. त्याच्या जंतूंची पिले दिवसा शरीरात खोल दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात, कारण हा डास रात्री चावतो! म्हणूनच आरोग्य कर्मचारी या रोगाच्या तपासणीसाठी रात्री दारोदार जाऊन रक्ताचे नमुने घेतात. झोपमोड झाली म्हणून कुरकुरणाऱ्याला हे कारण कळले तर तो आपण होऊन बोट पुढे करील.

वालुमाशी तर डासाहूनही लहान. ती पाण्यात अंडी घालत नाही; भिंतीच्या फटी, ओलसर माती आणि गोठ्यातील शेण-कचरा हे तिचे सूतिकागृह. ती दूर उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावी तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला आणि त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. तो पसरविण्याचे काम मुख्यतः वालुमाशी करते. २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ साली गुजरातेत या विषाणूची साथ आली तेव्हा अनेक बालके दगावली.

हे सारे माणसाला सहजासहजी समजले नाही. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो अशी शतकानुशतके समजूत होती. सिकंदराबाद येथे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस हे डासांची पोटे फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. घामाचे थेंब पडून यंत्राचे स्क्रू गंजले, परंतु जंतू काही सापडेना. कारण ते तपासत होते ते डास निराळ्याच जातींचे होते. अखेर ठिपकेदार पंखांचे डास त्यांच्या हाती आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने ते अंगाला चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना ते जंतू दिसले. सर्व डास सारखेच, असे मानले असते तर हा शोध लागलाच नसता. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शोधानंतर लढाई सुरू झाली. १९५३ साली भारत सरकारने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. पोट भरल्यावर मादी भिंतीवर विसावते, हे ठाऊक असल्यामुळे घरोघरी भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी झाली. रुग्ण झपाट्याने घटले. १९५८ साली तर रोग समूळ नष्ट करण्याचा संकल्प सोडला गेला. परंतु विषाला न जुमानणाऱ्या डासांची संख्या वाढत गेली, प्रयत्नही सैलावले, आणि १९७६ साली देशातील रुग्णसंख्या पुन्हा ६० लाखांच्या पुढे गेली. एकाच विषावर विसंबून हा शत्रू हटत नाही, हा धडा फार महाग पडला.

म्हणून आज प्रत्येकाच्या ताटाकडे पाहून उपाय योजला जातो. ॲनॉफेलिसची मादी रात्री चावते, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी. डासाच्या अळ्या साचलेल्या पाण्यातील सूक्ष्म कणांवर जगतात, म्हणून त्या पाण्यात अळ्या खाणारे गप्पी मासे. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण व टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवायच्या. वालुमाशीला फटी हव्यात, म्हणून भिंती लिंपायच्या आणि शेणाचा उकिरडा घरापासून दूर न्यायचा. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात पूर्ण वाढायला सुमारे दहा ते चौदा दिवस घेतात. तेवढे दिवस जगणारे डास थोडेच. त्यामुळे तापाच्या रुग्णाला लवकर औषध मिळाले तर पुढच्या डासाला जंतूच मिळत नाहीत आणि साखळी तुटते. त्यासाठीच दुर्गम पाड्यांत आशा कार्यकर्ती पुरात भरलेले नाले ओलांडून जाते, बोटातून रक्ताचा एक थेंब घेते आणि थोड्याच वेळात निदान करून गोळ्या सुरू करते. तो थेंब देण्यास घाबरणाऱ्या मुलाने इतके ध्यानात ठेवावे की डास न विचारता जेवढे रक्त नेतो, त्याहून ते काही फार अधिक नसते.

या लढाईत निसर्गही माणसाच्या बाजूने उभा आहे. चतुराची पिले पाण्यात डासांच्या अळ्या पकडतात, मोठे चतुर हवेत डास टिपतात, संध्याकाळी वटवाघळे आणि पाकोळ्या आपापला वाटा उचलतात. सरसकट विष फवारले तर डासांबरोबर हे मित्रही मरतात. तलावातील निरुपद्रवी लाल अळ्या गेल्या की त्यांवर जगणारे मासेही रोडावतात. बुरशीवर जगणारे चिलट आणि ताप आणणारा डास यांना एकाच शिक्षेस पात्र ठरविणे हा न्याय नव्हे. ज्याच्या अपराधाचा पुरावा आहे, त्याचाच बंदोबस्त करावा, हेच शहाणपण.

रागावलेला माणूस टाळी वाजवून एक चिलट मारतो आणि समाधान पावतो. जाणता माणूस मागील दारी जाऊन पाण्याने भरलेली फुटकी कुंडी पालथी करतो. त्याच्या त्या एका कृतीने शेकडो डास जन्मण्यापूर्वीच संपतात आणि रानातील एकाही निरपराध जिवाला धक्का लागत नाही. हे काम करण्यासाठी मोठे बळ लागत नाही, पैसाही लागत नाही. बारा वर्षांचे मूलही ते करू शकते. मात्र त्या कुंडीत कोण वाढते आणि ते काय खाते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.